बर्फखोलीतली तुळई

१

हरमलच्या मच्छीमार सोसायटीच्या आवारात जी तुळई मोडली ती लाकडाची नव्हती, लोखंडाचीही नव्हती. ती बांबूची होती, आणि मोडल्यावर तिचे दोन तुकडे सोसायटीने बर्फाच्या खोलीत, बांगड्यांच्या टोपल्यांशेजारी, कुलुपात घातले होते. कृष्णनाथांनी उभ्या आयुष्यात मोडलेल्या वस्तू पुष्कळ पाहिल्या होत्या, पण त्या बर्फात ठेवणारी माणसं त्यांना पहिल्यांदाच भेटत होती.

कृष्णनाथ डिचोलीचे. खाणींवर सुरक्षा अधिकारी म्हणून त्यांची हयात गेली. दरड कोसळली, ट्रक उलटला, की ते का झालं हे शोधून काढणं त्यांचं काम. मग खाणी बंद पडल्या आणि कृष्णनाथांच्या वाट्याला फक्त बायकोच्या मिक्सरचे बिघाड उरले. त्यामुळे सोसायटीचे अध्यक्ष शिवदास यांचा फोन आला तेव्हा पायांत चपला सरकवतच त्यांनी होकार दिला.

"घातपात आसा हो, कृष्णनाथबाब," शिवदास हात नाचवत म्हणाले. "आमी नव्या मासळीबाजाराचं छप्पर ह्या बांबूच्या तुळयांवर टाकणार होतो. पेडण्याच्या सुविधाबायने कारखान्यात बनवल्या. मी म्हटलं, आधी सगळ्यांसमोर वजन टाकून दाखव. वाळूच्या गोण्या चढवायला घेतल्या. ठरलेल्या वजनाच्या निम्म्यापर्यंतसुद्धा पोचलो नाही, आणि काड्‌! एका पोराच्या पायाचं नख गेलं. डोकं गेलं असतं तर?"

"घातपात कशावरून?"

"गोंदावरून. बांबूच्या पट्ट्या गोंदाने चिकटवतात. तो लावणारा भिकाजी, दोडामार्गाकडचा. आदल्या दिशी संध्याकाळी गोंदाचा डबा मोटरसायकलीला बांधून नेताना त्याला लोकांनी पाहिला. चांगला गोंद विकला आणि तुळईत पाणी घातलेला लावला, दुसरं काय? रविवारी सभा आहे. तोवर तुमी काय ते सांगा, नाही तर मी पोलिसांत जातो."

"भिकाजी काय म्हणतो?"

"तो म्हणायला इथे असायला नको?" शिवदासांनी बर्फखोलीची किल्ली पुढे केली. "तुळई मोडल्या दिवसापासून तो गायब आहे."

२

खोलीच्या दाराशी सुविधा उभी होती. तिशीची, उंच, जीन्सवर लाकडाच्या भुशाचे डाग. तुळई मोडल्यापासून तिला आत सोडलं नव्हतं. आरोपीच्या पक्षाने पुराव्याला हात लावायचा नाही, असं शिवदासांनी बजावलं होतं. खाली मान घालून ती बोलत होती, आणि ती मान खाली आहे हे कृष्णनाथांना आवडलं नाही.

"तुळई कशी बनवतेस ते आधी सांग," ते म्हणाले.

तुळईचं नाव काढताच मान वर आली. "बांबू चिरून पट्ट्या काढायच्या, कीड लागू नये म्हणून औषधाच्या पाण्यात उकळायच्या, वाळवायच्या. मग गोंद लावून थरावर थर रचायचे आणि दाबयंत्रात घालायचे. पण नुसती अशी तुळई मोठ्या छपराला पुरत नाही. तिला बळ द्यावं लागतं. मी तिच्या पोटात काचतंतूची पट्टी बसवते. वरून बांबूचाच पातळ थर, म्हणजे बाहेरून काही दिसत नाही. पट्ट्यांचे जे सांधे येतात ते सगळे पाठीकडच्या थरांत. पोटाकडे एकही सांधा नाही."

"मोडली ती कुठून?"

"लांबून पाहिलं तेवढ्यात सांधे उघडलेले दिसले. म्हणजे गोंदच. पण कृष्णनाथकाका, भिकाजी असं करणार नाही. त्याने केलं असेल तर मला माणसंच कळत नाहीत, मग बांबू काय कळणार?"

कृष्णनाथ एकटे आत गेले. मासळीचा वास आणि हाडापर्यंत जाणारा गारठा. दोन्ही तुकडे भिंतीशी आडवे टाकले होते. प्रत्येकाच्या टोकाला आंब्याच्या पानांची आणि झेंडूची माळ घट्ट गुंडाळून बांधलेली होती, आणि बर्फाने झेंडू असा टवटवीत ठेवला होता की आत्ताच खुडलाय असं वाटावं. त्यांनी माळेला हात लावला नाही.

आधी मोडलेली जागा. त्यांनी खिशातून भिंग काढलं. थर सुटले होते खरे, पण गोंदाच्या रेषेवर गुळगुळीत सुटलेले नव्हते. गोंदाला बांबूचे तंतू चिकटलेले होते, केसांसारखे, मुळासकट उपटून आल्यासारखे. ते पाहून कृष्णनाथांची भिवई वर गेली.

मग त्यांनी तुकडा फिरवून चारही बाजू पाहिल्या. एका बाजूला ओली वाळू आणि गोणपाटाची कुसं चिकटलेली. दुसऱ्या दोन बाजू कोऱ्या. आणि चौथ्या बाजूवर, वाळूच्या बरोब्बर विरुद्ध, कुंकवाचं फिसकटलेलं स्वस्तिक.

"अरेच्चा!" कृष्णनाथ बांगड्यांना उद्देशून म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "सुविधा, पूजेच्या वेळी तू कुठे होतीस?"

"पणजीचे पाहुणे येणार होते, त्यांना आणायला गेले होते. तुळई चिऱ्यांच्या खांबांवर मी स्वतः बसवून गेले. आले तेव्हा पूजा उरकली होती, गोण्या तयार होत्या. का?"

"उगाच," कृष्णनाथ म्हणाले. खाणीवरच्या लोकांना ठाऊक होतं की हा माणूस 'उगाच' म्हणाला की कोणाची तरी झोप उडणार.

३

पेडण्याच्या बाजारात गोकुळदासशेटचं लाकडाचं दुकान. बांबूची तुळई चालली तर पहिला फटका त्यांना, हे शेंबडं पोरही सांगेल. शिवाय चाचणीच्या दिवशी सकाळी, कोणी यायच्या आत, ते तुळईभोवती घुटमळताना दिसले होते. कृष्णनाथांनी आडपडदा न ठेवता तेच विचारलं.

शेट आधी लालबुंद झाले, मग त्यांनी दुकानातल्या नोकराला सोडा आणायला पिटाळलं आणि तो गेल्यावर आवाज खाली आणला.

"बाहेर बोलू नका हां. मी ती तुळई मोडायला नव्हतो गेलो, न्याहाळायला गेलो होतो. सागवान मिळेना झालाय, मिळाला तर परवडेना. त्या पोरीच्या तुळया मीच विकायला ठेवीन म्हणत होतो. पण आयुष्यभर बांबूला हसलो, आता कोणत्या तोंडाने विचारू?" त्यांनी कपाळ पुसलं. "मोडली तेव्हा सगळ्यांत जास्त माझंच नुकसान झालं, आणि रडायचीसुद्धा चोरी."

कृष्णनाथ मनापासून हसले. खोटं बोलणारा माणूस स्वतःची इतकी शोभा करून घेत नाही, हा त्यांचा अनुभव होता.

मागच्या बाजूला बाबली मेस्त एका दाराची चौकट तासत बसले होते. पंचक्रोशीतले जुने सुतार. चाचणीच्या दिवशी तुळईची राखण त्यांच्याकडे होती.

"बांबू मांडवाक, लाकूड घराक," मेस्तांनी रंधा न थांबवता सुनावलं. "माज्या बापाशीन सांगलेलां."

"म्हणजे तुळई मोडली याचा आनंद झाला?"

रंधा थांबला. "आनंद? ती चली माज्या मांडयेर खेळलेली. हांव बांबूक नावां ठेवतां, तिका न्हय."

"सुविधा गेल्यापासून गोण्या चढेपर्यंत कोणी तुळईशी वावगं काही केलं?"

"कोणूय ना. हांव थंयच हुतंय."

"कोणी म्हणजे कोणीच नाही?"

"देवाशपथ ना," मेस्त म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत तसूभरही चलबिचल नव्हती. कृष्णनाथांना पेच पडला. कारण बर्फखोलीतली तुळई याच्या नेमकं उलट सांगत होती.

४

भिकाजीचं घर दोडामार्गाच्या पलीकडे, काजूच्या झाडांत. कृष्णनाथांनी मोटरसायकल उभी केली तर अंगणात भिकाजी मांडी घालून बसलेला, आणि मांडीवर राजाचा मुकुट. दशावतारी मंडळींचा जुना लाकडी मुकुट. जरीची कड नवी होती, आणि बाजूलाच तो गोंदाचा डबा.

आलेल्या माणसाला पाहताच भिकाजी उठून उभा राहिला. पन्नाशीचा, काटक, खाणी चालू होत्या तेव्हा डिचोलीच्याच खाणींवर ट्रक चालवलेला. कृष्णनाथांना त्याने ओळखलं आणि त्याचा चेहरा पडला.

"चोरी म्हणा व्हयी तर, साहेबानू. डब्यात उरलेलो गोंद बायक न विचारता घेऊन इलंय, ह्यां खरां. जत्रेक आमचो नाटक, आणि राजाच्या मुकुटाचे दोन तुकडे झालेले. पण तुळयेच्या गोंदात पाणी? मरान, पण घालूचंय नाय."

"मग पळालास कशाला?"

"पळूक नाय. शिवदासशेटीन सगळ्यांसमोर माका चोर म्हटल्यान. बाय थंयच उबी. ती काय बोलाक नाय." भिकाजीने मुकुटावरून हात फिरवला. "रात्री स्टेजवर मी राजा असतंय. दिवसा कोणी चोर म्हणूचो नाय एवढाच माका व्हया. चार माणसांत नाव गेला तर माज्या राजाक कोण हात जोडतलो?"

कृष्णनाथांनी हात पुढे केला. मुकुट हातात घेतला, जिथे दोन तुकडे जोडले होते तिथे दोन्ही अंगठे रोवले आणि दात-ओठ खाऊन ओढ दिली. भिकाजी ओरडला. मुकुट मात्र हूं की चूं करेना. लाकूड चरचरलं, सांधा तसाच.

"हा त्याच डब्यातला गोंद?"

"त्याच. तुळयेक लावलो तोच."

"झकास!" कृष्णनाथ इतक्या मोठ्याने म्हणाले की कोंबड्या उडाल्या. "रविवारी सभेला यायचं. आणि हा मुकुट बरोबर आणायचा."

"पण मग साहेबानू, गोंद चांगलो तर तुळय मोडली कशी?"

ते कृष्णनाथांना आता जवळजवळ ठाऊक होतं. उरला होता एकच प्रश्न, आणि तो विचारायला त्यांना ज्या घरी जायचं होतं, तिथे जायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती.

५

सुविधाची आई मालतीबाई पेडण्यातच राहत. नवरा सरकारी नोकरीत असताना वारला, त्यांनी मुलगी शिकवली, आणि लोकांनी 'मुलगी बांबू चिरते' म्हणून नाकं मुरडली तेव्हा घराशेजारची बाग विकून कारखान्याला जागा करून दिली. त्यांनी कृष्णनाथांना बसायला कदेल दिलं, चहा दिला, उंडो पाव आणि तिखट भाजी पुढे ठेवली. डोळे रडून सुजले होते, तरी पाहुणचारात कसर नाही.

"पूजा तुम्हीच केलीत ना, वहिनी?"

"मी नाही तर कोण करणार? तिच्या हातचं पहिलं मोठं काम. तुळई धुतली, कुंकवाचं स्वस्तिक काढलं, तांदूळ वाहिले. दोन्ही टोकांना माळा बांधल्या, उघडी टोकं बोडकी दिसत होती म्हणून."

"स्वस्तिक कुठे काढलंत?"

"कुठे म्हणजे? वर. तुळई कमरेइतकी उंच होती. खाली वाकून कोणी पूजा करतं का?"

"आणि मग?"

मालतीबाईंनी पदराने डोळे टिपले. "मग काही नाही. नमस्कार केला. देवा, हिला यश दे म्हटलं. सगळं रीतीप्रमाणे केलं हो मी. तरी देवाने का ऐकलं नाही?"

कृष्णनाथांनी हातातला उंडो बशीत परत ठेवला. या बाईला आता खरं सांगावं तर हिच्या काळजाला घरं पडतील. न सांगावं तर तिकडे एक माणूस जन्मभर चोर म्हणून जगेल. खाणीवर असे अहवाल त्यांनी लिहिले होते, पण तिथे कोणाची आई समोर चहा घेऊन बसलेली नसे. त्यांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं. पण कच खाणारा माणूस तो नव्हे.

"रविवारी सभेला या, वहिनी," ते उठत म्हणाले. "तुमच्याशिवाय होणार नाही."

६

सभेला अख्खं हरमल लोटलं. शिवदास मेजामागे, गोकुळदासशेट कोपऱ्यात, बाबली मेस्त बांकावर, मालतीबाई बायकांत. भिकाजी दाराशी, मुकुट कापडात गुंडाळून. तुळईचे दोन्ही तुकडे मधोमध आणून ठेवले होते, आणि सुविधा त्यांच्याकडे आजाऱ्याकडे पाहावं तशी पाहत होती.

कृष्णनाथांनी पहिल्यांदा मुकुट शिवदासांच्या हातात दिला. "मोडून दाखवा."

शिवदासांनी जोर लावला, शेजाऱ्याला लावायला लावला, मुकुट हलेना.

"तुळईचा गोंद तो हाच. आता इथे पाहा. गोंद कच्चा असता तर पट्ट्या गुळगुळीत सुटल्या असत्या. इथे गोंदाने बांबू सोडला नाही, बांबूच फाटलाय. भिकाजी निर्दोष. उरलेला गोंद न विचारता नेला, त्याचं काय ते सुविधा बघेल."

"मग मोडली कित्याक?" चारी बाजूंनी आवाज उठले.

कृष्णनाथांनी पिशवीतून एक लांबट पाव काढला, सुरीने त्याला मधोमध अर्धी चीर दिली. चीर वर ठेवून पावाची दोन्ही टोकं धरली आणि अंगठ्यांनी मध्यावर खाली दाबलं. चीर मिटली. मग पाव उलटा केला, चीर खाली, आणि तसाच दाबला. चीर आ वासून उघडली आणि पावाचे दोन तुकडे झाले.

"तुळईवर वजन आलं की तिची पाठ दाबली जाते आणि पोट ताणलं जातं. सुविधाने बळाची पट्टी पोटात घातली आणि सांधे पाठीला ठेवले. पाठ दाबली जाणार, तिथे सांध्यांना धोका नाही. हिशेब चोख. पण या तुकड्यांवर गोणीची वाळू एका बाजूला आहे आणि पूजेचं कुंकू नेमकं उलट बाजूला. पूजा वरून झाली, गोण्याही वरूनच चढल्या. मग एकाच तुळईला दोन वरच्या बाजू कशा?"

सुविधा पुढे आली. "टोकावर मी बाण काढते," ती पुटपुटली. "पाठीकडे टोक करून."

"तो माळेखाली झाकला गेलाय. काप दोरी."

ती सुरी घेऊन वाकली. दोरी तुटली, झेंडू विखुरले. छोटा निळा बाण दिसला. त्याचं टोक कुंकवाकडे होतं. वाळू होती बाणाच्या शेपटाकडे, पोटावर.

"उलटी!" सुविधा ओरडली. "कोणीतरी तुळई उलटी केली! माझ्या सांध्यांवर सगळा ताण आला!"

सभेत गलका उडाला. शिवदास ताडकन उठले, "कोणी? नाव सांगा!" आणि बांकावरून बाबली मेस्त सावकाश उभे राहिले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"हांवें परतली," ते म्हणाले. "दोगां पोरांक घेवन. गोणयो चडोवपाक पोरां तुळयेर पांय दिवन उबीं रावतलीं. कुंकवार पांय कसो दितले? चारूय बाजूंनी सारकीच दिसताली. माका खबर ना हुतां, बाय."

"मी विचारलं तेव्हा कोणी काही केलं नाही म्हणालात, मेस्त," कृष्णनाथ हळूच म्हणाले.

"तुमी वावगां कितें केलां म्हण विचारलां. देवाचो मान राखप वावगां?"

शिवदास पोलिसांचं काहीतरी बोलू लागले, तेवढ्यात बायकांतून खणखणीत आवाज आला.

"मेस्तांना बोल लावू नका. परतायला मी सांगितलं. त्यात काय मोठं, म्हणून कृष्णनाथांनाही बोलले नाही."

मालतीबाई पुढे आल्या. मुलीकडे त्यांनी पाहिलं नाही, पाहवलंच नसतं. त्या सरळ दाराशी गेल्या, भिकाजीसमोर उभ्या राहिल्या आणि सगळ्या गावादेखत हात जोडले.

"माझ्या पोरीची तुळई मी मोडली, आणि चोर तुम्ही ठरलात. मला माफ करा."

भिकाजीने गडबडून ते हात खाली केले. "असा नको, आवशी. कुंकू जपलास, त्यात काय पाप?"

मग सुविधाही आली. आईच्या शेजारी उभी राहून ती म्हणाली, "पाप माझं, भिकाजी. त्या दिवशी मी गप्प राहिले." आणि आईच्या खांद्याला तिने असा घट्ट हात घातला की मालतीबाईंचा इतके दिवस धरलेला बांध फुटला.

७

दुसरी तुळई दिवाळीनंतर त्याच चिऱ्यांच्या खांबांवर चढली. या वेळी बाण सगळ्यांना दिसेल असा ठसठशीत रंगवला होता, आणि बाबली मेस्त काठी घेऊन उभे होते, कोणी तुळईला बोट लावील तर याद राखा म्हणून. पूजा मात्र झालेली नव्हती. मालतीबाईंनी ताट तसंच झाकून ठेवलं होतं.

गोण्या चढू लागल्या. पोरं तुळईवर पाय रोवून थरावर थर रचत होती. मागच्या वेळी जिथे काड्‌ झालं होतं ती मजल आली, गेली. ठरलेलं वजन पुरं झालं. शिवदासांनी हट्टाने आणखी गोण्या टाकायला लावल्या. तुळई किंचित वाकली आणि तशीच राहिली, भरल्या घराचा भार घेतलेल्या बाईसारखी. गोकुळदासशेटनी लाज सोडून टाळी वाजवली.

"आता पूजा," मालतीबाई म्हणाल्या आणि ताट उचललं.

"वर गोण्या आहेत, आई. कुंकू लावणार कुठे?"

"पोटाला. बळ जिथे आहे तिथे."

त्या वजनाखाली जायला एकही गडी तयार झाला नसता. कृष्णनाथांनी उभ्या हयातीत लटकत्या भाराखाली कोणाला जाऊ दिलं नव्हतं. त्यांनी तुळईचा बाक पुन्हा मोजला, दोन्ही बाजूंना सागवानी टेकू ठोकून घेतले, आणि मग काय सुचलं कुणास ठाऊक, स्वतःच आधी खाली शिरून मांडी घालून बसले.

"या वहिनी. जागा आहे."

मालतीबाई वाकल्या, पदर खोचला आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या. डोक्यावर मुलीची तुळई आणि तिच्यावर हरमलच्या किनाऱ्याची वाळू. त्यांनी हात वर केला. तुळईच्या पोटावर त्यांनी स्वस्तिक काढलं, वर मान करून तांदूळ उडवले, ते त्यांच्याच केसांत परत पडले.

"भिकाजी," खालूनच त्यांनी हाक मारली, "नारळ तुम्ही फोडा."

भिकाजी पुढे झाला. नारळ फोडण्याआधी त्याने एकदा सगळ्या गावाकडे पाहिलं, स्टेजवर राजा पाहतो तसं. पहिले हात जोडले ते शिवदासांनी.